बॅलाफच्या पुलावर नारिंगी जाकीट: आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत मार्शल म्हणून काढलेले सहा दिवस

“ताई, गाड्या अगदी जवळून दिसल्या असतील ना?” परत आल्यावर कोल्हापूरहून धाकट्या भावाचा पहिला प्रश्न हाच. खरं सांगायचं तर बऱ्याच गाड्या मी नीट पाहिल्याच नाहीत. मार्शलला, म्हणजे मोटारसायकलच्या शर्यतीत रस्त्यावर नजर ठेवून झेंडे दाखवणाऱ्या आणि पडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाला, पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच: समोरून गेलेल्या गाडीमागे मान वळवायची नाही. ती गेली, आता डोळे पुढच्या गाडीच्या वाटेवर. येणाऱ्या गाडीकडे पाठ कधीच करायची नाही, अगदी रस्त्यावरचा दगड उचलतानासुद्धा.

आयल ऑफ मॅन हे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधलं बेट. तिथली टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) ही मोटारसायकलींची शर्यत 1907 साली सुरू झाली आणि 1911 पासून ती डोंगरावरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर होते. एक फेरी 37.73 मैलांची, म्हणजे जवळपास 61 किलोमीटर. हा शर्यतीसाठी बांधलेला ट्रॅक नाही. एरवी याच रस्त्यावरून शाळेची बस जाते, दुधाची गाडी जाते. कडेला दगडी भिंती, विजेचे खांब, घरांची फाटकं. या रस्त्यावर पीटर हिकमन या स्वाराने 2023 मध्ये ताशी 136.358 मैलांच्या सरासरीने फेरी पूर्ण केली, किलोमीटरमध्ये 219. स्पर्धक एकदम सुटत नाहीत, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने एकेक सोडतात. ते दहा सेकंद लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

एवढ्या रस्त्यावर नजर ठेवायला पाचशेहून जास्त मार्शल लागतात आणि ते सगळे स्वयंसेवक. कुठल्या पट्ट्यात माणसं कमी पडली तर ती भरेपर्यंत शर्यत सुरू होत नाही. आपण नुसते प्रेक्षक म्हणून भिंतीवर बसलेलो असतो आणि पलीकडच्या गावात चार माणसं कमी म्हणून सगळं खोळंबलेलं असतं, हे कळल्यावर मला प्रेक्षक म्हणून जावंसं वाटेना.

मी इंग्लंडमधल्या लँकशरमध्ये नर्स आहे. हेशमचं बंदर घरापासून गाडीने तासाभरावर, तिथून बेटावरच्या डग्लसला बोट पावणेचार तासांत पोचते. 2024 च्या मे महिन्यात निघाले. नोंदणी आधीच केली होती. वय 16 पूर्ण हवं, अनुभवाची अट नाही. घरबसल्या करायचं ऑनलाइन प्रशिक्षण आहे, आणि ज्यांना अपघातस्थळी हात लावायचा आहे त्यांच्यासाठी प्रत्यक्ष सरावाचा वेगळा दिवस. तो दिवस चुकवू नका. माझ्यासारख्या दवाखान्यातल्या माणसांनी तर मुळीच नाही, कारण आपल्याला सगळं येतं हा आपला समज तिथे उतरतो.

माझी जागा बॅलाफचा पूल. स्पेलिंगवर जाऊ नका, तिथले लोक ‘बॅलाफ’च म्हणतात. गाव लहान, पूल त्याहून लहान, पण पाठीला असा बाक की दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली जातात. उतरल्या उतरल्या रस्ता उजवीकडे वळतो. 1939 मध्ये बीएमडब्ल्यूचा स्वार कार्ल गाल सरावात इथेच पडला आणि त्या दुखापतीतून उठला नाही. त्याच्या नावाची पाटी तिथे आहे. आमच्या गटाच्या प्रमुख बाई साठीच्या पुढच्या, याच गावातल्या. त्यांनी मला आधी त्या पाटीपाशी नेऊन उभं केलं, मग जाकीट दिलं.

सरावाची सत्रं बहुतेक संध्याकाळची. सहाच्या सुमारास रस्ता बंद होतो, पण मार्शलने त्याच्या बरंच आधी पोचून यादीवर सही करायची असते. सही नाही तर तुम्ही मार्शल नाही, नुसतं जाकीट घातलेला माणूस. सही झाली की बाई प्रत्येकाला जागेवर नेतात आणि विचारतात, “गाडी इथे पडली तर तू कुठे पळशील?” आधी पळायची वाट ठरवायची, मग उभं राहायचं. माझी वाट एका घराच्या फाटकातून आत होती. घरमालकांनी फाटक उघडं ठेवून त्याला दोरी बांधून दिली होती, वाऱ्याने लागू नये म्हणून.

झेंडे पाठ असावेत. हलता पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओलांडायचं नाही. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुझ्या गाडीत बिघाड आहे, थांब. लाल म्हणजे सगळ्यांनी थांबा. तो वरून आदेश आल्याशिवाय कुणी आपल्या मनाने दाखवत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी आमच्याकडे पडझड झाली. पुलावरून एक स्वार उतरताना पुढचं चाक तिरकं टेकलं, हँडल थरथरलं, आणि उजवीकडे वळायच्या ऐवजी तो सरळ जाऊन कडेच्या फोमच्या गाद्यांवर आदळला. गाडी एकीकडे, तो एकीकडे. वीस वर्षं कॅज्युअल्टीत काढलेल्या बाईचे पाय अशा वेळी आपोआप धावतात. माझेही एक पाऊल पुढे पडलं. मागून बाईंचा हात माझ्या पट्ट्यावर घट्ट. “झेंडा!” एवढंच म्हणाल्या. पुलाच्या अलीकडचा झेंडा हलायला लागलेला दिसला, तेव्हा त्यांनी हात सोडला. मध्ये फार तर तीन सेकंद गेले असतील. पण झेंड्याआधी मी रस्त्यात शिरले असते तर दहा-एक सेकंदांत येणाऱ्या पुढच्या स्वाराला पुलाच्या माथ्यावरून मी दिसलेच नसते, आणि तो तर हवेतून येणार. तिथे ब्रेक कुठून लागणार?

मग सगळं शिकवल्यासारखं झालं. एकजण रेडिओवर: जागा, स्वाराचा क्रमांक, हालचाल आहे की नाही. नाव घ्यायचं नाही. क्रमांकसुद्धा नीट बघून सांगायचा, कारण 2022 मध्ये फ्रेंच साइडकारच्या (बाजूला जोडगाडी असलेली मोटारसायकल, एक चालवणारा आणि एक जोडीदार) दोघांपैकी कोण गेला हेच आधी चुकीचं जाहीर झालं होतं. त्या दोन घरांवर काय गुदरलं असेल, ते आम्हा प्रत्येकाच्या डोक्यात होतं. दुसरा मार्शल आमच्याकडे पाठ करून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, शिट्टी ओठांत धरून उभा. आम्ही दोघी स्वारापाशी. हेल्मेटला हात नाही; श्वास अडत असेल तरच, तोही शिकलेल्या दोघांनी मिळून. तो बोलत होता, बोटं हलवत होता, छातीत कळ होती. तेवढ्यात पुढची गाडी आलीच, वेग कमी करून, झेंडा पाहून. आमच्यापासून चार हातांवरून गेली. त्या क्षणी मला कळलं की मी ज्याच्या भरवशावर गुडघे टेकून बसले आहे, तो पुलापलीकडे झेंडा हलवणारा एकोणीस वर्षांचा पोरगा आहे.

स्वार स्वतःच्या पायांनी फाटकाच्या आत गेला आणि मग डॉक्टरांच्या ताब्यात. त्यानंतर गाडी उचलली (हातमोजे हवेतच, एक्झॉस्ट चटका देतो), मग प्लास्टिकचे तुकडे, मग तेल शोषणारी पूड, मग झाडू. क्रम हाच.

लाल झेंडा लागला म्हणजे धोका संपला, असं मात्र समजू नका. आमच्या पुलाच्या थोडं पुढे बॅलाक्राय आहे. तिथे 2018 च्या सरावात, लाल झेंड्यामुळे थांबवलेल्या स्वारांना उलट दिशेने परत पाठवलं असताना, त्यांतला एकजण समोरून अपघातस्थळी निघालेल्या अधिकृत गाडीवर आदळला आणि फार गंभीर जखमी झाला. म्हणून शर्यत थांबली तरी, रस्ता उघडल्याची गाडी जाईपर्यंत आम्ही जागा सोडत नव्हतो. लोक चहाला निघतात, कुत्री बाहेर येतात, मुलं रस्ता ओलांडायला बघतात. त्या वीस मिनिटांत घसा सर्वांत जास्त दुखतो.

त्या वर्षी सरावाच्या आठवड्याला पावसाने पार दमवलं. कधी आमच्याकडे लख्ख ऊन, आणि तरी सत्र रद्द. कारण वर स्नेफेल डोंगर ढगात बुडालेला. जखमींना नेणारं हेलिकॉप्टर उडू शकत नसेल तर शर्यत सोडत नाहीत. ज्या जागी रुग्णवाहिका पोचायला वेळ लागेल तिथून नोबल्स रुग्णालयापर्यंत माणूस काही मिनिटांत जायला हवा, हा त्यामागचा हिशेब. प्रेक्षक कुरकुरतात. मला तो निर्णय ऐकून दर वेळी बरं वाटायचं.

आता बघायला जाणाऱ्यांसाठी कळकळीचं सांगणं. ‘मनाई’ लिहिलेल्या पाटीपलीकडे उभे राहू नका, फोटोसाठी तर नाहीच. 2007 च्या ‘सीनियर’ या टीटीतल्या मुख्य शर्यतीत 26व्या मैलाच्या दगडापाशी स्वारासोबत दोन प्रेक्षकही गेले, आणि मार्शल जखमी झाले. 2013 मध्ये डग्लसमधल्या ब्रे हिलच्या उतारावरच्या अपघातात उडालेल्या तुकड्यांनी 11 जण जखमी झाले. भिंत आहे म्हणून सुरक्षित, असं नसतं. गाडी भिंतीवरून येते. मार्शलने मागे व्हा म्हटलं तर वाद घालू नका. रस्ता बंद असताना त्याच्या शब्दाला कायद्याचं पाठबळ असतं, आणि तुमच्याशी बोलताना त्याची नजर रस्त्यावरून हटते, ते सर्वांत वाईट.

बोट आणि राहण्याची जागा वर्षभर आधी धरा. हॉटेलं मिळत नाहीत, पण गावकरी घरातली खोली देतात आणि मैदानांवर तंबू लागतात. मी दोन रात्री तंबूत, चार रात्री एका आजींच्या घरी काढल्या. घर कधीही बरं. ब्रिटनचा व्हिसा बेटावर चालतो. भारतातून पर्यटक म्हणून येऊन मार्शल व्हायचं असेल तर व्हिसाच्या अटींत ते बसतं का, हे तिकीट काढायच्या आधी लेखी विचारून घ्या. बेटाच्या मॅन्क्स पाउंडाची किंमत ब्रिटिश पाउंडाएवढीच, पण इंग्लंडात त्या नोटा दुकानदार घेत नाहीत, म्हणून निघण्याआधी संपवा. फोनच्या रोमिंगमध्ये बेट धरलेलं आहे का ते पाहा, आणि प्रवासविमा हवाच.

कपड्यांत लाल-पिवळं काही नको, लांबून झेंडा वाटतो. घोट्यापर्यंतचे बूट, खरंखुरं पाणी अडवणारं जाकीट, आत दोन थर. जूनमध्येही रात्री आठला हात गारठतात. रस्ता बंद झाल्यावर चार-पाच तास ओलांडता येत नाही, म्हणून खाणं जवळ ठेवा आणि स्वच्छतागृह आपल्याच बाजूला आहे ना, ते आधी बघा. मी मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, पहिल्याच दिवशी गटात वाटून संपली. ड्युटीवर फोन खिशातच. फोटो काढायला मार्शलला परवानगी नसते.

स्वतःची बाइक नेणार असाल तर डोंगराचा पट्टा त्या पंधरवड्यात रॅम्झीकडून क्रेग-नी-बाकडे एकदिशा असतो आणि त्यावर मोकळ्या भागात वेगमर्यादा नाही. शर्यत पाहून अंगात आलेले लोक तिथे सुटतात. सकाळी लवकर, शांतपणे एकदा जा आणि डोंगरावरच्या ‘बंगलो’ नावाच्या जागेपाशी थांबून धुकं कसं येतं ते बघा.

माझ्या शेवटच्या दिवसानंतर चारच दिवसांनी मायकेल डनलॉप या स्वाराने टीटीतली 27वी शर्यत जिंकून काका जोई डनलॉपचा 26 विजयांचा विक्रम मोडला. मी तेव्हा वॉर्डात होते. बाईंनी संदेश पाठवला, त्यात विजयाबद्दल एक ओळ आणि खाली: “पुलावर आज सगळे नीट उतरले.”

भावाला इकडे यायचंय, पण पैसे जमायला वेळ लागेल. तोवर मी त्याला चेन्नईच्या मागे लावलंय. इरुंगट्टुकोट्टईच्या 3.717 किलोमीटरच्या ट्रॅकवर राष्ट्रीय शर्यती होतात आणि तिथेही वळणावर मार्शल लागतात. 5 ऑगस्ट 2023 ला तिथे बंगळूरचा 13 वर्षांचा श्रेयस हरीश शर्यतीत पडून गेला, तेव्हा भाऊ दोन दिवस जेवला नव्हता. परवा फोनवर म्हणाला, “ताई, मला झेंडे तोंडपाठ झालेत, विचार.” मी विचारलं, “गाडी पडली तर तू कुठे पळशील?”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “थांब, ट्रॅकचा नकाशा काढतो.”