स्पेनमध्ये कंपन्याच कुठे आहेत? (तुम्ही विचारलंत म्हणून)

एकदाच लिहितेय, यापुढे कुणी विचारलं की हेच फॉरवर्ड करणार. प्रश्न दोन बाजूंनी येतो. नातेवाईक विचारतात, "तिकडे नक्की बनतं काय गं?" आणि इंजिनिअरिंगची पोरं विचारतात, "ताई, जर्मनी सोडून स्पेनमध्ये का राहिलात, तिथे कंपन्याच कुठे आहेत?" सूर दोघांचा एकच, लोणावळ्याला उतरायचं ते चुकून कामशेतलाच उतरले असा.

पूर्वी मी यादीच म्हणायचे. झारा घालता ना, ती ला कोरुन्याची, पहिलं दुकान 1975 चं. सान्तान्देर बँक, फोनवाली तेलेफोनिका, विजेवाली इबेर्द्रोला. तुमच्या घरातला पॅरीवेअरचा कमोड, ती अख्खी कंपनी 2008 पासून बार्सिलोनाच्या रोकाची. चाकणला गाड्यांचे पार्ट करणारी गेस्टॅम्प आहे, आणि महिंद्राचा फोर्जिंगचा धंदा 2013 मध्ये ज्यांच्याकडे गेला ती सीआयई ऑटोमोटिव्ह बिल्बाओची. यावर काकांचं उत्तर ठरलेलं, "म्हणजे कपडे आणि संडास." चाकणचं त्यांना ऐकूच येत नाही, आणि हा माणूस जन्मभर भोसरीत नोकरी केलेला!

मग मी हुकमाचा पत्ता काढायचे: जर्मनीनंतर युरोपात सगळ्यात जास्त गाड्या स्पेनमध्ये बनतात. खरं आहे ते. पण तेव्हाच्या मला आज कुणीतरी विचारायला हवं की बाई, त्यातल्या स्पॅनिश किती? विगोचा कारखाना स्टेलान्टिसचा, व्हॅलेन्सियाजवळचा फोर्डचा, व्हिटोरियाचा मर्सिडीझचा, आणि राहिली मूळची स्पॅनिश सेआत, तर ती 1986 पासून फोक्सवॅगनच्या हातात. गामेसा आमच्या उत्तरेकडच्या बास्क भागातली पवनचक्कीवाली, 2017 मध्ये सीमेन्सबरोबर गेली आणि 2023 मध्ये माद्रिदच्या शेअरबाजारावरूनही उतरली. त्याच वर्षी बांधकामवाल्या फेरोवियालने मुख्यालय नेदरलँड्सला नेलं. तर स्पॅनिश कंपनी म्हणजे नक्की काय, मालक, कारखाना की पगार घेणारी माणसं? तेव्हाची मी म्हणायची मालक. आता मालक तर नक्कीच नाही म्हणते, पण मग काय तेही धड सांगता येत नाही.

मी राहते ती देबा नदीची दरी, बास्क भागातल्या गिपुस्कोआत. इथे कंपन्या "दिसत" नाहीत कारण त्या घरांच्या खालीच आहेत, तळमजल्यावर पत्रा दाबायचे प्रेस, वर गॅलरीत वाळत घातलेले कपडे. एइबार बंदुकांचं गाव, बंदुकांची गिऱ्हाइकं आटल्यावर त्याच हातांनी सायकली आणि शिलाई मशिनं केली, ओर्बेआ सायकलवाले 1840 मध्ये बंदुकाच बनवायचे. एल्गोइबारला मशीन टूल्स. आणि वर मोंद्रागोन, जिथे एका पाद्रीबाबाच्या पाच विद्यार्थ्यांनी 1956 मध्ये स्टोव्ह बनवायला घेतले आणि त्याची केवढी मोठी सहकारी चळवळ झाली, आपल्या साखर कारखानेवाल्यांनी येऊन बघावी अशी. त्यातलीच फागोर, फ्रिज-वॉशिंग मशीनवाली, 2013 मध्ये बुडाली आणि सभासद कामगारांचे आत घातलेले पैसेही गेले. मी मास्टर्सला आले तेव्हा ते ताजं होतं, वर्गातल्या दोघातिघांच्या घरात त्यावर बोलायचं नाही असा नियमच होता. तरी मी म्हणायचे की बघा, फागोरच्या बऱ्याच लोकांना दुसऱ्या सहकारी कंपन्यांनी सामावून घेतलं, जर्मनीत असं होतं का? हे मी एकदा त्यांच्यातल्याच एका घरात जेवायला बसून म्हटलं होतं. पुढचं सांगत नाही.

आता मूळ गोष्ट, जी मी टाळते.

माझी पहिली नोकरी सहकारी वगैरे नव्हती, साधा कौटुंबिक कारखाना, गाडीच्या सीटखालचे ब्रॅकेट करणारा, नाव घेत नाही. गिऱ्हाईक दरवर्षी भाव पाडून मागायचं. एके दिवशी साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, तू पुण्याची ना? दोन जुने पार्ट चाकणच्या एका सप्लायरकडे द्यायचे ठरले होते. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, मापं तपासायची गेज, सगळंच तिकडे जाणार होतं आणि पीपॅप, म्हणजे तिकडच्या पार्टला रीतसर मंजुरी, होईपर्यंत मी दोघांच्या मधे.

सकाळी आठला कॉल सुरू. चाकणचा पोरगा आधी मॅडम मॅडम करत इंग्रजीत अडखळत होता, मी मराठीत बोलल्यावर एकदम सुटला, "ताई, तुम्ही तर आपल्याच निघालात, रिपोर्टचं जरा सांभाळून घ्या ना." आणि मी हसले, मोठ्याने. आजूबाजूला बसलेल्यांना एक अक्षर कळत नव्हतं पण हसणं कळलं असणार. अकराच्या सुमाराला इथे सगळे मिळून तोर्तियाचा, म्हणजे बटाट्याच्या ऑम्लेटचा, पाव खातात, त्याला अमाइकेताको म्हणतात, तिथे मला हाक मारणं कुणी बंद केलं असं नाही, फक्त मी पोचेपर्यंत त्यांचं खाऊन झालेलं असायचं. अकाउंट्समधली एक जण स्वतःहून म्हणाली, "हे तुझ्यामुळे नाहीये, हं." तोवर माझ्या डोक्यात तसं आलंही नव्हतं.

ग्रीस फासून सगळ्या डाय लाकडी खोक्यांत भरल्या, बिल्बाओ बंदरातून न्हावा शेवाला. चाकणला ट्रायल घेतली तर बेंडवर क्रॅक. पुन्हा घेतली, पुन्हा क्रॅक. ड्रॉइंग बरोबर, पत्रा बरोबर, साहेब माझ्यावर वैतागलेले. टूलरूममध्ये एक म्हातारा मास्तर होता, त्या डाय त्यानेच इतकी वर्षं घासूनपुसून चालवलेल्या, आणि त्याचं नाव कमी करायच्या लोकांच्या यादीत आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही. मी जाऊन विचारलं. तो फाइल मारत राहिला, वर बघितलंसुद्धा नाही. मी उभीच. मग परत आले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर खोक्याचा फाडलेला पुठ्ठा होता, त्यावर पेन्सिलीने डायचा सेक्शन काढलेला आणि खालच्या ब्लॉकखाली बाण: इथे 0.3 ची शिम आहे, काढू नका. ही शिम, म्हणजे खाली सारायची पातळ पट्टी, कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हती. चाकणवाल्यांनी साफसफाई करताना ती काढून ठेवली होती. बसवली, पार्ट ओके.

त्याने का सांगितलं मला माहीत नाही. मी विचारलंही नाही, थँक्यू म्हटलं तर त्याने खांदे उडवले. मी त्याच्या जागी असते तर सांगितलं नसतं, हे मात्र मला नक्की माहीत आहे.

चाकणचा पोरगा त्यानंतर पर्मनंट झाला, त्याने पेढ्यांचा फोटो पाठवला. आई फोनवर खूश, "आपल्याकडे काम आलं ना, चांगलंच झालं की." आणि चांगलं झालंच ना? मी त्याच पट्ट्यातली, बाबांच्या कंपनीत ले-ऑफ म्हणजे काय ते घरात बघितलेलं, मी काय तोंडाने वाईट म्हणू? पुढच्या यादीत माझंही नाव आलं. सामूहिक कपातीत इथे कायद्याने वर्षामागे 20 दिवसांचा पगार मिळतो, जास्तीत जास्त 12 महिन्यांचा, माझी वर्षं थोडी म्हणून रक्कमही थोडी. आणि भारतीय पासपोर्ट म्हणजे इथे राहायचं कार्ड नोकरीवर लटकलेलं, नागरिकत्वाला लॅटिन अमेरिकेवाल्यांना 2 वर्षं आणि आपल्याला 10. पगार जर्मनीपेक्षा कमी. हो, कमीच आहे, हेही लिहून टाकते, म्हणजे कुणी वेगळं विचारायला नको.

तरी राहिले. शेजारच्या गावात मशीन टूलवाल्यांकडे लागले, तिथे अजून आहे. "एवढं होऊन तिथेच?" हा तुमचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. जर्मनीतल्याही डाय चाकणला येतातच की, तिथे असते तरी कुठल्यातरी कॉलवर मराठीत हसलेच असते. पोरांना एवढंच सांगेन की यायचं तर स्पॅनिश नीट शिकून या, इंग्रजीवर शॉप फ्लोअरला कुणी दाद देत नाही. बाकी राहायचं का, याचं माझं उत्तर आज "हो" आहे, मागच्या महिन्यात नव्हतं, आणि काकांना सांगा की त्यांच्या भाच्याच्या नव्या गाडीच्या सीटखाली वाकून बघा.