वडगावची मागाची शेड आणि 321 ची नोटीस

बेळगावात घरांचे प्लॅन काढून देणं, ते सँक्शनला घालणं हे माझं रोजचं काम, त्यामुळं नोटीस घेऊन येणारी माणसं मला नवीन नाहीत. पण वडगावच्या त्या काकू आल्या तो दिवस डोक्यातून जात नाही. तिकडं गल्लोगल्ली माग, यांच्याही घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये पॉवरलूम, नवरा वारल्यावर घर त्यावरच चाललेलं. महापालिकेचा कागद टेबलावर ठेवून म्हणाल्या, "एक माग विकायला काढलाय बघा, गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय, पाडायच्या आधी तेवढे पैसे तरी हातात येतील की."

कागद कन्नडमध्ये, त्यांना वाचता येत नाही, कुठल्यातरी एजंटानं सांगितलेलं की पाडायची ऑर्डर झालीय, आता वरच्यांना पैसे द्यावे लागणार, आणि पैसे घेतल्यावर त्यानं फोन उचलायचंच बंद केलेलं. मी कागद वाचला तर ती शेवटची ऑर्डर नव्हतीच हो! कर्नाटक महानगरपालिका कायदा, 1976, कलम 321. त्यात पोटकलम 1 खाली आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरती ऑर्डर निघते, पोटकलम 2 खाली तिच्याबरोबर शो कॉज नोटीस येते की हे का पाडू नये ते सांगा, तुमचं म्हणणं ऐकल्यावर मग पोटकलम 3 खाली ती कन्फर्म होते नाहीतर बदलते. आणि कन्फर्म झाली तरी कलम 443अ खाली कर्नाटक अपिलेट ट्रिब्युनलकडं अपील करता येतं. काकूंच्या हातात 1 आणि 2 चाच कागद होता, उत्तर द्यायची मुदत अजून शिल्लक होती. मी म्हटलं, "काकू, आधी त्या गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हणा, मग बोलू."

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

दुपारी टेप घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. नोटिशीत घराचा मागचा सगळा भाग विनापरवाना म्हणून दाखवलेला, शेजाऱ्यानं तक्रार केलेली. पण शेडची भिंत बघितली तर मातीत बांधलेली जुनी विटांची भिंत, वर फक्त पत्रे नवीन. ट्रंकेतली कागदं उपसली, सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, मागाच्या मीटरची बिलं, आणि तळाला सासऱ्यांच्या नावचं मराठी खरेदीखत, 1956 च्या आधीचं, म्हणजे बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचं, त्यात चतुःसीमेसकट लिहिलेलं की मागील बाजूस मागाचा सोपा (म्हणजे पडवी) आहे. ते वाचून मला जो आनंद झाला तो काय सांगू!

पण जिन्यावरची खोली मात्र मुलानं अलीकडंच चढवलेली, परवानगी नाही, मागचा सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, पूर्ण खाल्लेला. मुलगा म्हणाला, "दादा, दंड भरून रेग्युलर करून घेऊया की." हे मला रोज कोणतरी विचारतं. अक्रम-सक्रमला, म्हणजे दंड घेऊन बेकायदा बांधकाम रेग्युलर करायच्या कर्नाटक सरकारच्या योजनेला, सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2017 मध्ये स्टे दिलाय, त्याच्या भरवशावर बसू नका, आणि ती योजना लागू असती तरी असल्या खोलीला आधार होईल असं मी छातीठोक सांगणार नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलं, ही खोली वाचत नाही, खोटं लिहिलं तर शेडसुद्धा जाईल.

मग रात्री बसून वकिलांबरोबर उत्तर तयार केलं. शेड जुनी आहे, हे पुरावे. खोली आम्ही स्वतः उतरवतो, मुदत द्या. आणि समक्ष सुनावणी घेऊन जागेवर येऊन मोजा. वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा 13 नोव्हेंबर 2024 चा निकालही जोडला, त्यात पाडण्याआधी निदान 15 दिवसांची नोटीस, समक्ष सुनावणी, आणि थोडाच भाग बेकायदा असेल तर पाडणं हाच एकमेव मार्ग का ते आदेशात लिहायला सांगितलंय, शिवाय शेवटच्या आदेशानंतरही 15 दिवस थांबायचं म्हणजे माणसाला अपिलाला जाता येईल. (रस्ता, फुटपाथ, नदीपात्र असल्या सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे लागू नाही, तेवढं लक्षात ठेवा.) खरेदीखताचं कन्नड भाषांतर करून घेतलं आणि सगळं देऊन इनवर्डचा (आवकचा) शिक्का मारलेली पोच घेतली. तोंडी सांगून आलो म्हणणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते, फाईलीत कागद नसेल तर पुढं ट्रिब्युनलमध्ये काय दाखवणार?

सुनावणीत अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं, जागेवर येऊन भिंत बघितली, मोजमाप माझ्या मापाशी जुळलं. कन्फर्मेशन ऑर्डर आली ती फक्त वरच्या खोलीपुरती, शेड वगळून. अपिलाची गरजच पडली नाही. खोली मुलानंच गवंडी लावून उतरवली, खर्च झाला, पण माग एक दिवससुद्धा बंद राहिला नाही.

एजंटानं घेतलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. काकू म्हणतात, "जाऊ दे की, शेड राहिली." मी मात्र पोलिसांत लेखी तक्रार द्या म्हणून त्यांच्या मागं लागलोय, कारण त्याच गल्लीत आणखी दोघांकडं तसलेच कागद आलेत आणि तोच माणूस तिथंही फिरतोय.