सपाट रेषा
कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत, माझी जागा मॉनिटरसमोर. त्या दिवशी टेबलावर सत्तरी ओलांडलेले आजोबा. उजवी रक्तवाहिनी पूर्ण बंद, डावीच्या मुळाशी, लेफ्ट मेनमध्ये, दगडासारखं कॅल्शियम आणि हृदयाचं पंपिंग जेमतेम 20 टक्के. बायपासला सर्जननी आधीच नकार दिला होता. लेफ्ट मेनमध्ये फुगा फुगवला की उरलंसुरलं हृदयही उपाशी. तेवढ्यात प्रेशर कोसळलं तर परत वर येईलच असं नाही.

म्हणून इम्पेला, हृदयात बसून रक्त पुढे ढकलणारा छोटा पंप. त्यावरही सकाळी वाद झालाच. 2012च्या प्रोटेक्ट-टू चाचणीत बलून पंप आणि इम्पेला यांच्या 30 दिवसांच्या निकालात ठोस फरक दिसला नव्हता, हे एका ज्युनिअरने बरोबरच काढलं. पण बलून पंप, म्हणजे महाधमनीत ठोक्यांबरोबर फुगणारा-मिटणारा फुगा, मिनिटाला अर्धा लिटरभर मदत करतो, तीही हृदय स्वतः ठोके देत असेल तर. इथं भरवसा नव्हता तो त्याचाच.

मांडीतून 14 फ्रेंच मापाचं शीथ, म्हणजे जाड नळी, गेलं, महाधमनीच्या झडपेतून पंप डाव्या कप्प्यात उतरला आणि फ्लो मिनिटाला तीन लिटरच्या वर स्थिरावला. रोटाने, म्हणजे गरगर फिरणाऱ्या बारीक ड्रिलने, कॅल्शियम खरवडून झालं. मग फुगा.

प्रेशरच्या लाटा बुटक्या होत गेल्या आणि काही सेकंदांत नाहीशाच झाल्या. सपाट रेषा. इतकी वर्षं ही रेषा दिसली की माझे हात छाती दाबायला धावतात. त्यात पंपाच्या मोटर करंटची लाटही सपाट. याचे अर्थ दोनच: पंप झडपेतून सरकला, नाहीतर हृदय पिळणंच थांबलंय. सरकला असता तर मीन, म्हणजे सरासरी, प्रेशरही घसरलं असतं.

"सर, मीन 64. फ्लो 3.2."

सरांनी स्क्रीनवर पाहिलं. पंप जागेवर होता. म्हणजे हृदय थबकलं होतं आणि रक्त तरीही फिरत होतं. एवढ्यात चादरीखालून आवाज आला, "अहो, खांदा अवघडलाय. जरा हलवू का?"

"नाही!" आम्ही तिघं एकदमच ओरडलो.

फुगा उतरवला, लाटा परत आल्या. स्टेंट बसला. मग पंप वेगाच्या पी-8 पायरीवरून एकेक पायरी खाली, पी-2वरही प्रेशर टिकलं, तेव्हा तो काढला. एवढ्या जाड शीथनंतर मला पायाच्या रक्तपुरवठ्याचीच धास्ती जास्त. डॉपलरवर पावलाची नाडी ऐकू येईपर्यंत मी जागचा हललो नाही.

"आता हलवू?" आजोबांनी विचारलं.

"खांदा हलवा. पाय अजिबात नाही."