पापणीचं ओझं कपाळावर

कपाळ दुखायचं म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, हे अजून कुणाला खरं वाटत नाही. रोज संध्याकाळी भुवयांच्या वर कुणीतरी फडकं आवळून बांधल्यासारखं व्हायचं. चष्म्याचा नंबर बघून झाला, बीपी बघून झालं, बाम तर अर्धी बाटली संपली. शेवटी पुण्यातल्या नळस्टॉपच्या चौकात कळलं. स्कूटरवर थांबले होते आणि वरचा सिग्नल हिरवा झालेला मला दिसलाच नाही. मागच्याने हॉर्न मारला, मी हनुवटी वर केली, तेव्हा दिसला. मुलगी म्हणाली, "आई, आरशात बघ. पापण्यांची कातडी पार केसांवर उतरलीये."

वय ६१. नणंदेचं म्हणणं, "आता काय नटायचं राहिलंय?" यावर बोलण्यात अर्थ नव्हता.

आधी एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये गेले. दहा मिनिटांत वरच्या पापण्या, खालच्या पिशव्या आणि कपाळाला इंजेक्शनं असं पॅकेज समोर आलं, वर "या आठवड्यात ठरवलंत तर सवलत". साड्यांचा सेल आहे का हा? डोळ्यांवर साधा टॉर्चसुद्धा कुणी मारला नव्हता. उठून आले.

मग ऑक्युलोप्लास्टी करणाऱ्या, म्हणजे पापण्यांच्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी अंगठ्याने माझ्या भुवया दाबून धरल्या आणि म्हणाल्या, "आता वर बघा." डोळे पुरते उघडेचनात! म्हणजे दिवसभर मी पापण्या कपाळाने उचलून धरत होते. दुखणार नाही तर काय होईल?

पापणी खाली दिसते, पण खाली काय आलंय ते आधी ठरवावं लागतं. कातडी सैल पडली असेल तर ती कापून होतं. पापणी उचलणारा स्नायूच ढिला झाला असेल तर नुसती कातडी कापून उपयोग नाही, तो आवळावा लागतो. आणि भुवईच घसरली असेल तर प्रकरण आणखी निराळं. टॉर्चचा ठिपका बुबुळावर पडतो तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत साधारण ४-५ मिमी अंतर असावं लागतं. माझं तेवढं होतं, म्हणजे स्नायू ठीक. दोष कातडीचा. जादा कातडी ऑपरेशन करून काढायचं ठरलं.

पुढे दृष्टिक्षेत्राची तपासणी. यंत्रात हनुवटी टेकवायची आणि दिवा दिसला की बटण दाबायचं. एकदा तशीच आणि एकदा पापण्या चिकटपट्टीने वर चिकटवून. पहिल्या वेळी वरचे दिवे मी जवळजवळ सगळे चुकवले, पट्टी लावल्यावर ते दिसले. तो कागद जपून ठेवा. नुसतं सौंदर्यासाठी केलेलं ऑपरेशन विम्यात बसत नाही, नजरेला अडथळा होता हे दाखवावं लागतं.

डोळ्यांत पाणी किती येतं ते बघायला खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटं बसवलं. १० मिमीच्या वर भिजली तर ठीक, माझी ८ भिजली. डोळे कोरडे, म्हणून कातडी हात राखून काढायची आणि थेंब आधीपासून सुरू. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनची गोळी फिजिशियनना विचारून थांबवली. ती मनाने बंद करू नये. फिश ऑइलही बंद.

ऑपरेशनच्या सकाळी मला बसवूनच जांभळ्या पेनने खुणा केल्या, कारण आडवं झालं की कातडी मागे सरकते. चिमट्यात कातडी धरून "डोळे मिटा" असं किती वेळा म्हणाल्या कोण जाणे. भुवई ते पापणीचे केस यांत साधारण २० मिमी कातडी राहिलीच पाहिजे, नाहीतर डोळा मिटत नाही. आमचे थोरले दीर वैद्य. ते म्हणाले, सुश्रुताने केस डोळ्यात वळण्याच्या रोगावर हेच सांगितलंय: भुवईखालचे दोन भाग सोडायचे, केसांजवळचा एक सोडायचा, मधला जवाच्या आकाराचा तुकडा काढायचा आणि केसाने शिवायचं. रोग वेगळा, पण सोडायच्या कातडीचा हिशोब तोच!

भुलीचं इंजेक्शन मात्र झोंबलं. नंतर फक्त केस जळल्यासारखा वास आणि ओढल्याची जाणीव. तासाभरात दोन्ही डोळे झाले.

घरी पाठवताना बाईंनी एकच गोष्ट दोनदा सांगितली: डोळ्यात एकदम जोरात दुखलं, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा दिसेनासं झालं, तर रात्री दोन वाजताही फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. डोळ्यामागे रक्त साठलं तर नजर जाऊ शकते.

पहिले ४८ तास गोठवलेल्या मटारची पिशवी रुमालात गुंडाळून ठेवत होते आणि तीन उशांवर झोपत होते. तिसरी सकाळ सगळ्यात वाईट. डोळ्यांच्या फटी झालेल्या, निळं-जांभळं गालांवर उतरलेलं. इस्त्रीवाला दारात थबकला. "काकू, पडलात का?" रात्री पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या, म्हणून मलम. त्यातून सगळं घर तुपाच्या बरणीतून बघितल्यासारखं. पण मला जड गेलं ते न वाकणं. रांगोळी नाही, केर नाही, पाण्याची बादली नाही, देवापुढे उभ्यानेच नमस्कार.

सहाव्या दिवशी टाके निघाले. केसाएवढे बारीक, तरी मी खुर्ची घट्ट धरली होती. डावीकडची सूज जास्त दिवस राहिली, पापण्यांच्या केसांपाशी बधिरपणा दीड महिना. पंधरा दिवसांनी पौड रस्त्याची धूळ नको म्हणून गॉगल लावून बाहेर पडले.

एक गोष्ट बाईंनी आधीच सांगितली नसती तर मी घाबरले असते. ओझं गेलं की कपाळ सैल पडतं आणि भुवया थोड्या खाली येतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात दिसते त्यापेक्षा पापणी पुढे जराशी भरलेलीच दिसते. माझ्या आल्या खाली. बाम तेव्हापासून उघडलेला नाही.

विमा कंपनीचं तिसरं पत्र परवा आलं. ऑपरेशनआधीचा आणखी एक फोटो हवाय, "भुवया न उचलता काढलेला".