आमची वाटचाल : गादीपाटाच्या चकत्या

आमचं युनिट अंबड एमआयडीसीत, छोटंसंच, दोन प्रेस आणि पाच माणसं. सुरुवातीला पॉलिशिंगच्या कापडी बफसाठी गोल तुकडे कापून द्यायचो, नाशकात ऑटोपार्टवाले भरपूर त्यामुळे काम मिळायचं, मग लॉकडाऊनमध्ये ते ठप्प झालं आणि तेव्हाच एका ओळखीच्या एक्स्पोर्टरने विचारलं, गादीपाटाच्या (गादीच्या खोळीचं घट्ट विणीचं सुती कापड) सव्वा इंची चकत्या अमेरिकेला पाठवायच्यात, कापून देशील का. कशाला लागतात विचारलं तर म्हणाला ठासणीच्या रायफलीला.

मला ठासणीची बंदूक म्हणजे कोकणात मामाकडे बघितलेली तेवढीच. ती नळी आतून गुळगुळीत असते. ह्यांच्या रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात आणि शिशाची गोळी नळीपेक्षा जराशी लहान, म्हणजे पन्नास कॅलिबरला (अर्ध्या इंचाच्या नळीला) बहुतेक जण ०.४९० इंचाची वापरतात. ती तेल किंवा चरबी लावलेल्या चकतीवर ठेवून गजाने ठासायची, कापड खाचांत दाबून बसतं, मागचा गॅस अडवतं आणि गोळीला पीळ देतं, बाहेर पडल्यावर गळून पडतं. म्हणजे नेम त्या कापडावर आहे हो! इंडियानातल्या फ्रेंडशिप गावात ह्या रायफलींच्या मोठ्या स्पर्धा भरतात, तिथे जाणारी माणसं एकेका थाऊचा (इंचाच्या हजाराव्या भागाचा) हिशोब ठेवतात.

पहिला माल गेला आणि दीड महिन्यात तक्रार आली. फोटोत वापरलेल्या चकत्या होत्या, एकाच पाकिटातल्या काही चांगल्या आणि काहींना गोळीच्या कडेच्या रेघेवर जळून भोकं. आधी वाटलं त्यांनीच दारू जास्त भरली असेल. पण आईने (तिने आयुष्यभर गोधड्या शिवल्यात) उरलेल्या दोन ताग्यांचं कापड बोटात चोळलं आणि म्हणाली, "अरे, हे नुसतं खळीवर उभं आहे." दोन्ही धुऊन वाळवले, पहिलं १८ थाऊ भरलं आणि दुसरं खळ निघाल्यावर विरविरीत होऊन १२ वर आलं, न धुता दोन्ही सारखीच लागत होती. ते लोक वापरायच्या आधी चकत्या धुतात, म्हणून तिकडे उघडं पडलं. तो सगळा माल आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिला, त्या वर्षी नफा काही उरलाच नाही.

तेव्हापासून तागा आला की आधी धुणं. मग दोन्ही काठांजवळ आणि मधे असं दहा ठिकाणी मायक्रोमीटर लावायचा, कापड दबतं म्हणून रॅचेट (ठरावीक दाब आला की टकटक वाजणारी त्याची मूठ) सगळीकडे सारखाच वाजवायचा आणि मोजणारा माणूसही एकच. एका थाऊपेक्षा जास्त फरक निघाला तर तागा परत. श्रावणात जास्त त्रास होतो, कापड दमट राहिलं तर फुगतं आणि माप फसवतं, तेव्हा आम्ही दोन दिवस थांबतो पण घाई करत नाही. उभा आणि आडवा दोन्ही धागा काडीने पेटवून बघतो, सुताची राख होते आणि पॉलिस्टर असेल तर वितळून कडक गाठ होते, तसला धागा नळीत वितळून चिकटला तर गिऱ्हाईक कायमचं गेलं. दोन ताग्यांच्या चकत्या एका पाकिटात कधीच नाही, प्रत्येक पाकिटावर ताग्याचा नंबर असतो.

कापड मालेगावहून येतं. व्यापारी म्हणतो "तीच क्वालिटी आहे शेठ", पण सुताचा काउंट (धागा किती बारीक त्याचा नंबर) बदलला की जाडी बदलते, म्हणून आता व्यापाऱ्याला सोडून थेट लूमवाल्याकडून घेतो आणि काउंट, रीड-पीक (इंचात उभे-आडवे धागे किती ते) लिहून घेतो. आता जळाल्याची तक्रार येत नाही. मध्ये एकाने सरळ रेषेत चिरलेल्या चकत्या पाठवल्या होत्या, त्याची नळी नवीकोरी होती आणि खाचांच्या कडा धारदार होत्या, कापड बरोबर निघालं.

सध्या १५ आणि १८ थाऊ दोनच जाडी देतो. १० ची मागणी आहे पण तितकं पातळ आणि तरी घट्ट विणीचं कापड मनासारखं मिळालेलं नाही, पुढच्या आठवड्यात मालेगावला जाऊन नमुना विणून घेणार आहे, आईपण येते म्हणाली.