पाय सापडले

माझ्याकडे पोहायला शिकायला येणाऱ्या काकूंचा तो २१ वा दिवस होता. महिलांची चार ते पाचची बॅच, पाण्यात चौदा जणी. काकू चार फुटांच्या खुणेपाशी तलावाच्या रुंदीत पोहत होत्या. भिंतीला पाय लावून ढकलायचं, तोंड पाण्यात, हात पुढे, सहा-सात मीटर पाय मारायचे आणि उभं राहायचं, एवढंच त्यांचं काम. मधोमध आल्या आणि किक बोर्ड, म्हणजे तरंगणारी फळी, धरून येणारी एक कॉलेजची मुलगी त्यांच्या खांद्यावर आदळली. नाकात पाणी गेलं. काकूंचे दोन्ही हात पाण्याबाहेर वर गेले.

काठावर उभं राहून शिकवणाऱ्या प्रत्येकाची नजर हात असे वर जाण्यावर बसलेली असते. माणूस बुडायला लागलं की बहुतेक वेळा ओरडत नाही, श्वास मिळवण्यातच त्याची सगळी ताकद जाते. न दिसणारी शिडी चढावी तसे हात चालतात. आणि हात जितके वर, तितकं अंग खाली. पाण्यात असलेला हात पाणी पेलतं, बाहेर काढलेल्या हाताचं वजन मात्र उरलेल्या अंगावर येतं.

मी बांबू पुढे केला. काकूंपासून हातभर अंतरावर धरला, अंगाला लावला नाही.

काकूंचं वय ६२. घर सांगलीत, नदीच्या बाजूला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका धरतात, म्हणजे ते किती होतं याचा अंदाज यावा. दोन रात्री गच्चीवर काढल्यावर त्यांना बोटीतून बाहेर काढलं होतं. बोटीत चढताना एक पाय पाण्यात गेला आणि खाली काही लागलंच नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "मॅडम, पाय खाली सुटले की माझं संपलंच." तेव्हाच मी त्यांना स्पष्ट बोलले की तलावात शिकलेलं पोहणं पुराच्या पाण्यात कामाला येईल असं समजू नका. तिथे ओढ असते, झाडं-पत्रे वाहत येतात, तारा असतात. पुरात सूचना आली की घर सोडायचं आणि बोटीत जॅकेट घालूनच बसायचं. त्या म्हणाल्या, "ते कळतंय मला. मला फक्त ही भीती नको झालीय."

या वयात शिकायला येणाऱ्यांची तयारी पाण्याबाहेरच निम्मी होते. डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय मी पाण्यात घेत नाही. काकूंना बीपीची गोळी चालू होती आणि डावा गुडघा झिजलेला. गुडघ्यामुळे बेडकासारखे पाय मारण्याचा प्रकार पहिल्या दिवशीच बाद केला, कारण त्यात गुडघा बाहेरच्या बाजूला पिळला जातो आणि आतल्या अंगाला ताण बसतो. कमरेपासून सरळ पाय मारणं गुडघ्याला सोसतं. मधुमेह असलेल्यांना उपाशीपोटी येऊ नका म्हणून बजावावं लागतं, आणि घरी गेल्यावर तळपाय बघा म्हणूनही, कारण फरशीवर खरचटलेलं त्यांना कळत नाही.

कपड्यांचा संकोच मोठा असतो. जुनी सुती सलवार घालून उतरू का, असं बऱ्याच जणी विचारतात. सुती कापड पाणी पितं, पायाला गुंडाळतं, त्यात पाय हलतच नाहीत. आता पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख मिळतो, तो घेतला की हा प्रश्न मिटतो. काचेच्या बांगड्या काढायच्या, डोक्याचं तेल धुऊन यायचं. आणखी एक गोष्ट शिकवणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. चष्मा काढला आणि टोपी कानावर ओढली की या वयाच्या बाईला तुमचा हात धूसर दिसतो आणि आवाज अर्धाच पोचतो. ती चुकते ती घाबरून नव्हे, तिला सूचनाच मिळालेली नसते. काकूंशी मी खुणा ठरवल्या होत्या: खांद्यावर एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चालू ठेवा. नंबरचा गॉगल मिळतो तोही त्यांनी दुसऱ्या आठवड्यात आणला.

छातीएवढ्या पाण्यात उभं राहिल्यावर श्वास जड वाटतो. पाण्याचा दाब छातीवर बसतो, त्यामुळे ते व्हायचंच. आधी सांगितलं नाही तर माणसाला वाटतं आपला जीव घुसमटतोय, आणि ते शिडीकडे धावतं. तोच दाब पायांतलं रक्त वर ढकलतो, म्हणून अर्ध्या तासाने बाहेर येताना दाब एकदम सुटून चक्कर येऊ शकते. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना जास्त. काकूंना शिडीच्या वरच्या पायरीवर थांबायला आणि मग काठावर दोन मिनिटं बसायला लावत होते.

पहिले चार दिवस फक्त चालणं. रुंदीत जायचं, यायचं, हाताने पाणी मागे लोटायचं. मग तोंडात पाणी घेऊन टाकायचं, पाण्यावर फुंकर मारायची, शेवटी तोंड बुडवून बुडबुडे काढायचे. इथे बहुतेक सगळ्यांचं अडतं, कारण 'नाकाने हवा सोडा' म्हटलं की नाक घट्ट होतं. त्यावर साधा उपाय आहे. तोंड मिटून 'हंऽऽ' म्हणत राहायचं. आवाज चालू आहे तोवर हवा नाकातून बाहेर जात राहते आणि पाण्याला आत शिरायला वाट राहत नाही. काकू भजनात बसणाऱ्या, त्यांचा 'हं' लांब निघायचा.

पाचव्या दिवसापासून उभं राहणं. तरंगणं नंतर. यावर माझं इतर शिक्षकांशी जमत नाही. त्यांचं म्हणणं असतं, एकदा तरंगलं की भीती जाते. लहान पोरांची जात असेल, त्यांना पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून विहिरीत सोडून शिकवलेली पिढी आपल्याकडे आहे. साठीच्या माणसाला प्रश्न पडतो तो वेगळा: मी आडवी झाले, पण परत उभी कशी होऊ? जमिनीवर आयुष्यभर आपण आधी डोकं वर करून उठलोय. पाण्यात तसं केलं की पाठीची कमान होते, पाय मागे तरंगत राहतात आणि तळ सापडत नाही. काकूंचं बोटीतलं भय नेमकं हेच.

म्हणून क्रम उलटा करायचा. आधी गुडघे पोटाशी. मग दोन्ही तळहात पाण्याला खाली दाबायचे, टेबलावर टेकून उठतो तसे. पाय खाली सोडायचे, तळ लागला की मगच डोकं. पाठीवर असताना हनुवटी छातीला लावायची, बूड खाली सोडून खुर्चीत बसल्यासारखं व्हायचं, गुडघे जवळ घ्यायचे आणि हातांनी मागचं पाणी पुढे ओढायचं. काठावरची दांडी धरून काकूंनी हे रोज वीस वेळा केलं, पुढे एका हाताने, पुढे माझ्या बोटाला धरून. नवव्या दिवशी छातीत श्वास भरून गुडघ्यांना मिठी मारायला सांगितली. पाण्याने त्यांना वर आणलं, पाठ कासवासारखी बाहेर आली. भरलेल्या छातीने बहुतेक माणसं तरंगतात, श्वास सोडला की खाली जायला लागतात. हे सांगून पटत नाही. त्यांनी ते अकरा वेळा करून बघितलं, मोजून.

एक गोष्ट मी कधी करत नाही. 'सोडत नाही' म्हणून हात काढून घेणं. पाच वर्षांचं मूल ते विसरतं. काकूंसारखी बाई त्यानंतर तुमचा हात तरंगायला वापरत नाही, सारखी तपासायला वापरते. पोटाखाली दोन तळहात, मग एक, मग दोन बोटं, आणि प्रत्येक वेळी आधी सांगायचं. उशीर लागतो. लागू दे.

मधे दोन दिवस वाया गेले. पोटरीत गोळा आला. पाण्यात घाबरलेलं माणूस पायाची बोटं ताणून कडक धरतं, त्यात पाणी गार, म्हणून पोटरी आखडते. दांडी धरून पाय सरळ करायचा आणि चवडा स्वतःकडे ओढायचा, सुटते. दुसऱ्या दिवशी काकू आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या तलावाच्या बाहेर बाकावर बसून घोटे गोल फिरवत होत्या.

तर त्या दिवशी हात वर गेले. मी बांबू धरून मनात मोजत होते, तीनला आत उडी टाकायची होती. एक. काकूंचं तोंड पाण्याखाली. दोन. हात खाली आले. आपटत नव्हे, तळहात पसरून, टेबलावर टेकल्यासारखे. पाण्यातून गुडघ्यांची सावली वर सरकलेली दिसली, मग पाठीचा गोल. आणि पाय लागले. डोकं सगळ्यात शेवटी वर आलं. नाक-डोळे लाल, खोकला थांबेना, टोपी एका कानावर. आदळलेली मुलगी रडवेली होऊन "सॉरी आजी, सॉरी" म्हणत होती. काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाय सापडले."

मी त्यांना बाहेर बसवलं. खोकला पूर्ण थांबला का, दम लागतोय का, छातीत भरून येतंय का, हे बघत दहा मिनिटं थांबले. नाकातोंडात पाणी गेल्यावर लगेच परत उतरवू नये, आणि घरी गेल्यावर खोकला वाढला किंवा श्वासाला त्रास झाला तर सरळ डॉक्टरांकडे जायचं, हेही त्यांच्या सुनेला सांगितलं. काकू गप्प होत्या. नंतर त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता: "इथे पाय सापडले. खोलात कुठे सापडणार?"

खोलात तळ नसतो, तिथे पाठ वापरायची. नाकात पाणी गेलं, दम संपला, कोणी आदळलं, तर कुशीवर वळून पाठीवर यायचं, कान पाण्यात ठेवायचे, पोट वर, छाती भरलेली ठेवून छोटे श्वास घ्यायचे, आणि कमरेपाशी तळहात पोळी लाटल्यासारखे आत-बाहेर हलवायचे. पुढचे सहा दिवस चार फुटांतच हे वळणं घोटलं. डाव्या कुशीने वळताना त्यांचं डोकं मागे राहायचं, म्हणून उजवी कूस पक्की केली.

२८ व्या दिवशी आम्ही आठ फुटांच्या बाजूला गेलो. दुसऱ्या शिक्षिका पाण्यात काकूंच्या शेजारी, मी काठावर बांबू घेऊन. काकू दांडीला धरून पाठीवर झाल्या. हात सोडायच्या आधी मान न हलवता म्हणाल्या, "मॅडम, काठी जरा लांब धरा. जवळ असली की हात तिकडेच जातो."

मी बांबू दोन हात मागे घेतला.