खणाचा एप्रन: झालर उसवली, गळा वाचला

मागच्या वेळी खण आणि कागदी पॅटर्न समोर ठेवून बेतायचं कसं, इथेच गाडं अडलं होतं. आता एप्रन एप्रनसारखा दिसायला लागलाय.

पॅटर्न 1950 च्या दशकातल्या धाटणीचा आहे: बदामी गळ्याची छाती, कंबरपट्टी, चुणीदार घेर आणि खाली झालर. तो मोठ्या पन्ह्याच्या सुती कापडासाठी काढलेला. खण विणला जातो चोळीसाठी, त्यामुळे पन्हा अरुंद आणि दोन्ही कडांना काठ. माझ्या खणाचा पन्हा जेमतेम 31 इंच. पॅटर्नमध्ये सांगितल्याप्रमाणे घेर उभ्या धाग्यात बेतला तर दोन्ही काठ कुशींना जातात आणि समोर नुसत्या बुट्ट्या उरतात. काठच दिसणार नसेल तर खण घ्यायचा कशाला? म्हणून घेर आडवा टाकला. एक काठ पायाशी आला. 20 इंच लांबी काढून उरलेल्या पट्टीतला दुसरा काठ कंबरपट्टीला लागला, आणि तो तिथे फार देखणा दिसतो.

आडव्या बेतण्याची किंमत चुण्यांत मोजावी लागली. कापड असं फिरवलं की घेर नीट पडत नाही, फुगून उभा राहतो. दुप्पट चुण्या कमी करून दीडपट केल्या, तेव्हा तो खाली बसला. झालरही आधी खणाचीच लावली होती. जोडावर इतके थर झाले की मशीन टाके सोडायला लागलं. 11 नंबरची सुई काढून 14 ची घातली, टाके सुटायचे थांबले, पण जोड दोरीसारखा जाड तो जाडच. शेवटी झालर उसवली आणि अस्तराच्याच सुती कापडाची लावली. काठाखालून ती हलकीशी डोकावते, तेवढी पुरे. (अस्तर बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा. आटायचं ते आधीच आटू दे.)

उसवताना दोरा ओढू नका, खणाचे धागे सरकतात. बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या, बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापायचा, मग वरचा दोरा अलगद निघतो. सुईची भोकं राहतात, त्यांवर ओलसर बोट लावून नखाने उभं-आडवं घासायचं आणि उलट्या बाजूने, सुती फडकं ठेवून, कमी गरम इस्त्री फिरवायची. बरीचशी भोकं बुजतात.

सगळ्यात जास्त घाम गळ्याने काढला. बदामाच्या मधल्या टोकाशी टिपेपर्यंत चीर द्यावीच लागते, नाहीतर उलटवल्यावर तिथे सुरकुती पडते. चीर दिली आणि धागे भराभर सुटले. पॅटर्नमधली दीड सेंटिमीटरची माया (टिपेबाहेर सोडलेलं कापड) सुती कापडाला ठीक, खणाला अपुरी. उपाय असा केला: टोकाच्या उलट्या बाजूला चिकट कॅनव्हासचा रुपयाएवढा तुकडा इस्त्रीने चिकटवला, गळा अर्धा सेंटिमीटर खाली उतरवला आणि टोकाच्या दोन्ही बाजूंना इंचभर अगदी बारीक टीप मारली. नवी चीर या तुकड्यावरून गेली. आता धागा हलत नाही. पुढच्या वेळी हा तुकडा बेतल्या बेतल्याच लावायचा.

बांधायचे बंद सुतीच करणार आहे, खणाची गाठ घसरते. राहिला खिसा. त्याच्या बुट्ट्या घेरातल्या बुट्ट्यांशी जुळायला हव्यात, म्हणून बटर पेपर घेरावर ठेवून त्या गिरवून घेतल्या आहेत. उरलेल्या तुकड्यात त्याच ओळी सापडतात का, ते बघून कात्री लावेन.